खड्डा म्हटलेलं बावखल

व्हिन्सेंट तुस्कानोला कुणी 'माळी' म्हणून हाक मारली की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. माळी काय, माळी? टेम्पोच्या दोन्ही अंगांना हिरव्या अक्षरांत 'व्ही. तुस्कानो, लँडस्केप आणि गार्डन' असं रंगवून घेतलंय, ते काय उगाच? एव्हरशाईन सिटीत शिरलात की डाव्या हाताच्या चार सोसायट्यांतलं लॉन त्यानं घातलेलं. तुळिंजला एका इमारतीच्या दारात ते बुटके, पोट सुटलेले पाम उभे आहेत ना, तेही त्याचेच. सगळं कसं आखीव. कडेनं पिवळ्या डुरांट्याचं कुंपण, मधे लॉन, चालायला पेव्हर ब्लॉक आणि कोपऱ्यात सिमेंटचा बगळा.

लोकांना तरी दुसरं काय हवं होतं? "एकदम दुबईसारखं दिसलं पाहिजे, बरं का," म्हणायचे, आणि हा वसईतल्या गिरीजचा माणूस त्यांना दुबई करून द्यायचा. उन्हाळ्यात त्या दुबईला टँकरनं पाणी पाजावं लागायचं आणि पावसाळ्यात त्याच पेव्हरवर पाणी घोट्यापर्यंत साचायचं. पण तोवर व्हिन्सेंट पुढच्या कामावर गेलेला असायचा.

आता गंमत बघा. हा माणूस वाढला कुठे, तर केळी-नारळाच्या वाडीत. मातीचं ढेकूळ हातात चुरडलं की खाली पाणी किती हातांवर आहे ते सांगायचा. वाडीच्या मधोमध बावखल होतं. वसईबाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो, म्हणून सांगायला हवं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीपेक्षा मोठं आणि तलावापेक्षा लहान. चहूकडचं पावसाचं पाणी धावत येऊन त्यात बसायचं, मग सावकाश जमिनीत मुरायचं. समुद्र एवढा जवळ, तरी आसपासच्या विहिरी गोड्या राहायच्या त्या ह्याच्या जिवावर. मे महिन्यात घरातली सगळी माणसं उतरून त्यातला गाळ उपसायची आणि तो केळींच्या बुडाशी घालायची. व्हिन्सेंट पोहायला शिकला तोही बावखलातच, बापानं ढकलून दिलं म्हणून.

म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सगळं माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरीजच्या वेशीवर एका जुन्या वाडीच्या जागेत 'सागरछाया' नावाची सोसायटी नवी नवी उभी राहिली होती. बांधणाऱ्यानं इमारत बांधली, पण मागच्या अंगाला वाडीचा एक तुकडा तसाच सोडला होता, आणि त्या तुकड्यात बावखल, व्हिन्सेंटनं लहानपणापासून बघितलेलं. सोसायटीला तिथं बाग करायची होती. कमिटीनं व्हिन्सेंटला सभेला बोलावलं. तो नवा पांढरा शर्ट घालून गेला, फाइल घेऊन गेला. सेक्रेटरी होते हर्षवर्धन साहेब. मुंबईत मोठ्या ऑफिसात, बोलायला गोड, आणि प्रत्येक गोष्ट मिनिट्समध्ये लिहून घेणारे.

"मागे ते पाणी आहे, ते काय आहे एक्झॅक्टली?" साहेबांनी विचारलं.

"बावखल आहे, साहेब," व्हिन्सेंट म्हणाला. पहिल्या झटक्यात खरा शब्द तोंडातून गेला होता त्याच्या, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"काय? बावळट?" मागून कुणीतरी ओरडलं. "अहो, आमच्या विंगमध्ये एक आहेत, दुसरा कशाला!"

हॉल हसून हसून लोटपोट. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. रविवार होता, वडे आले होते, लोक खुशीत होते. पण व्हिन्सेंटचे कान तापले. आपण पांढऱ्या शर्टात नाही, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून ह्या लोकांसमोर उभे आहोत असं वाटलं त्याला. वाडीवाला तो वाडीवालाच, असं म्हणत असतील. तोही हसला. हसून म्हणाला, "म्हणजे खड्डा हो, साहेब! पाणी साचतं, डास होतात. भरून टाकू आणि वर झकास लॉन घालू."

"तलाव-बिलाव नाही ना? नंतर कटकट नको."

"छे हो! खड्डाच."

साहेबांनी लिहून घेतलं, 'मागील खड्डा भरणे.' संपलं. अरे बाबा, तोंड होतं ना तुला? दोन मिनिटं समजावून सांगितलं असतंस तर कुणी तुला खाल्लं असतं का? पण नाही. लोक हसले म्हणून आपल्याच घरच्या शब्दाची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी शंभर वर्षांचं पाणी तीन दिवसांत डेब्रिसखाली गेलं.

तीन दिवस डंपर येत होते. पाणी कडेकडेनं वर आलं तेव्हा त्यात मरळ मासे उड्या मारायला लागले. शेजारच्या वाडीतली माणसं बादल्या घेऊन आली. व्हिन्सेंटनंही दोन घरी नेले. त्याच्या बायकोनं, ज्युलीनं, झणझणीत कालवण केलं. तो ताटावर बसला आणि पोट बिघडलंय म्हणून उठून गेला. ज्युलीला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ह्या माणसाचं पोट मरळीसमोर कधी बिघडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तळमजल्यावर मनोरमाबाई राहायला आल्या. निवृत्त शिक्षिका, मूळच्या देवरुखच्या, एकट्या. चौतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं आणि जिथं स्वतःची चार झाडं लावता येतील अशा घराच्या शोधात वसईला आल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांनी परसबाग केली. अळू, कर्दळ, कढीपत्ता, गवती चहा, एक जास्वंद. व्हिन्सेंट लॉन कापायला आला की खिडकीतून हाक यायची, "व्हिन्सेंट, चहा टाकलाय हं!" त्या एकट्याच त्याला माळी म्हणायच्या नाहीत. गवती चहाचं पातं त्याच्यासमोर खुडून चहात घालायच्या आणि विचारायच्या, "ह्या जास्वंदीला कळ्या येतात आणि गळतात, काय करू?" तो सांगायचा तसं करायच्या. कळ्या टिकल्या की त्याला बोलावून दाखवायच्या.

दुसऱ्या पावसाळ्यात बाईंच्या स्वयंपाकघरात लादीच्या फटींतून पाणी वर आलं. बाहेरून आलं असतं तर उंबऱ्याला फळी लावता आली असती. हे खालून आलं. मग शेजारच्या घरात, मग जिन्यात. पेव्हरखाली पाणी तुंबून राहिलं, डासांची पैदास झाली, तळमजल्यावरची दोन मुलं डेंग्यूनं हॉस्पिटलात गेली. मागच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. व्हिन्सेंटला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पाणी आपल्या जागेवर बसायला आलं होतं आणि जागा नव्हती म्हणून माणसांच्या घरात शिरत होतं.

पण सोसायटीला गुन्हेगार हवा होता, आणि तो खिडकीखाली सापडला. बाईंची झाडं! मुळांनी गटाराचा उतार अडवलाय, आळ्यांत पाणी साचतंय, डास तिथूनच येतायत. बघता बघता सगळ्यांना पटलं. एक दिवस बाईंनी व्हिन्सेंटला बोलावलं. चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही ह्यातले जाणकार. तुम्ही सांगाल ते मी मानीन. माझ्या झाडांमुळे पाणी येतं का?"

व्हिन्सेंटनं कपात बघितलं. "थोडंफार होतं, बाई. झाडांमुळे."

थोडंफार! अळू आणि कर्दळ, ज्यांचा जन्मच पाणी पिण्यासाठी, त्यांच्यावर आळ! आणि तो घ्यायचा कुणी, तर बापाच्या वाडीत पाटाकडेला अळू बघत मोठा झालेल्या माणसानं. बाईंनी मान डोलावली. "मग काढून टाका," म्हणाल्या.

त्यानं स्वतःच्या हातानं काढली. कर्दळीचे कांदे बाईंनी पिशवीत भरून त्यालाच दिले, वाया जायला नकोत म्हणून. जास्वंद निघता निघेना, तेव्हा बाई आत निघून गेल्या. वर पेव्हर बसले. पुढच्या पावसाळ्यात पाणी आणखी चार बोटं वर आलं.

तरी आळ काही गेला नाही. "मुळं राहिली असतील आत," असं लोक म्हणायचे. जिची मुलगी आजारी पडली होती ती शेजारीण बाईंशी बोलेनाशी झाली. दिवाळीत फराळाची ताटं सगळ्या दारांशी जायची, बाईंच्या दाराशी थांबायची नाहीत. मनोरमाबाई जिन्यात कुणी भेटलं की भिंतीला चिकटून वाट द्यायच्या आणि कारण नसताना "सॉरी हं" म्हणायच्या. चौतीस वर्षं वर्गासमोर ताठ उभी राहिलेली ही बाई. व्हिन्सेंटनं ते डोळ्यांनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन लॉन कापलं.

लाज अशी असते की ती एकदम मारत नाही. रोज थोडी थोडी खाते. तो कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला चर्चमध्ये जायचा दर वर्षी, उपासकाळात. फादरसमोर गुडघे टेकून शिव्या दिल्याचं सांगायचा, दारू प्यायल्याचं सांगायचा, भावाशी बांधावरून भांडल्याचं सांगायचा. हे मात्र कधी सांगितलं नाही. स्वतःची समजूत घालायचा की खड्डा भरणं हे पाप कुठल्या आज्ञेत बसतं? देवाच्या दहाच आज्ञा, आणि एकीतही खड्डा नाही.

गेल्या पावसाळ्यात सागरछायाच्या तळमजल्यावर दोन दिवस गुडघाभर पाणी राहिलं. तेव्हा कमिटी हलली. तिसऱ्या मजल्यावरची ज्ञानदा लँडस्केप डिझाइन शिकून आली होती. हुशार पोरगी, पायात चिखलाचे बूट, खांद्याला नकाशांची नळी. तिनं सांगितलं की आधी पेव्हर उखडा, जमिनीला श्वास घेऊ द्या, लॉन काढा, इथली झाडं लावा. करंज, ताम्हण, आणि भेंडी, भाजीची नव्हे, खाडीकाठी वाढते ती. पावसाचं पाणी हाकलायचं नाही, मुरवायचं. व्हिन्सेंट ऐकत होता. ही पंचवीस वर्षांची मुलगी त्याच्या बापासारखं बोलत होती, फरक एवढाच की इंग्रजीतून शिकून आली होती.

ती सरळ त्याच्याकडे आली. "काका, तुम्ही इथले. मला एक गोष्ट समजतच नाहीये. उतार आहे गेटकडे, आणि पाणी वर येतंय मागच्या भिंतीशी. लॉजिकच लागत नाही. शोषखड्डा मी गेटपाशी धरलाय, पण मनातून खात्री नाही. तुम्हाला काय वाटतं?"

नकाशावर मागच्या कोपऱ्यात तिनं लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं होतं. नेमकं त्या जागी! व्हिन्सेंटनं बोट ठेवलं असतं तर संपलं असतं.

"मातीच तशी असेल," तो म्हणाला.

आणि ती पोरगी काय करते? घरी जाऊन आईवडिलांना सांगते की व्हिन्सेंटकाकांसारख्या स्थानिक माणसाचा सोसायटीनं मान ठेवायला हवा. त्यांनी ते कमिटीच्या कानावर घातलं आणि कमिटीला कल्पना आवडली. रविवारच्या सभेत नव्या बागेचा नकाशा मंजूर करायचा आणि व्हिन्सेंट तुस्कानोचा शाल देऊन सत्कार करायचा असं ठरलं.

मंगळवारी तो तळमजल्यावर गेला तेव्हा बाईंच्या घरात पुस्तकं खोक्यांत भरलेली दिसली.

"घराला गिऱ्हाईक आलंय," बाई म्हणाल्या. "भाऊ देवरुखला ये म्हणतोय. अजून सही केली नाही, मन होत नाही. पण राहू कशी? माझ्यामुळे लोकांची मुलं आजारी पडली, व्हिन्सेंट. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

घरी येऊन तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्युली केळफूल सोलत बसली होती. तिच्यासमोर पाटावर बसून त्यानं सगळं ओकलं. बावळट म्हणून हसले तिथपासून ते प्रश्नचिन्हापर्यंत. ज्युली ऐकत होती आणि सोलत होती. शेवटी तो म्हणाला, "पण आता सांग, हे कुठल्या आज्ञेत बसतं?"

"आठव्या," ज्युली लगेच म्हणाली. "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. पहिल्या कम्युनियनच्या पोरांना पाठ असतं ते. एवढे घोडे झालात आणि अजून आज्ञा शोधताय?" मग हात पुसून म्हणाली, "आजच्या आज जा. बाईंना सांगून या. सभेबिभेची वाट बघू नका."

तो बुधवारी गेला नाही. बुधवारी तुळिंजला काम होतं. काम होतं हे खरं, पण तासाभराचं. गुरुवारी गेला. बेल वाजवली, बाईंनी दार उघडलं, "या ना" म्हणाल्या. "रविवारी सभा आहे, लक्षात आहे ना?" एवढंच तो बोलला आणि आल्या पावली परत फिरला. वाटेत स्वतःला सांगत होता की सभेतच सांगू, सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं, बाईंचं नाव सगळ्यांसमोर साफ होईल. ऐकायला किती चांगलं वाटतं! खरी गोष्ट ही की त्या एका बाईच्या डोळ्यांत बघून बोलायची त्याची छाती नव्हती. शंभर लोकांत डोळे चुकवता येतात.

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून तो तसाच सभेला गेला. हॉल भरलेला. हर्षवर्धन साहेबांचे केस आता पांढरे झाले होते, मिनिट्सचं रजिस्टर तेच. सत्कार आधी उरकून घ्या म्हणाले. शाल पडली, नारळ आला, टाळ्या वाजल्या. "आपल्या मातीतला माणूस," साहेब म्हणाले. व्हिन्सेंटला शाल टोचत होती. लोकरीची होती आणि हवा दमट होती, पण टोचण्याचं कारण ते नव्हतं.

ज्ञानदानं पडद्यावर नकाशा दाखवला. कुठली झाडं, कुठले वाफे, पाणी कुठून कुठे जाईल. ती स्थानिक झाडांच्या यादीवर आली तेव्हा मागून एकजण म्हणाला, "सगळं बरोबर आहे, फक्त मनोरमाबाईंना परत अळू लावायला देऊ नका म्हणजे झालं!"

लोक हसले. मनोरमाबाई दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होत्या. त्याही हसल्या. आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, उठून उभ्या राहिल्या. हात जोडले. "माझ्या हौसेपायी सगळ्यांना फार त्रास झाला," म्हणाल्या. "मुलांना झाला. मी सगळ्यांची माफी मागते."

व्हिन्सेंट उठला. बोलायचं काय ते त्यानं चार दिवस पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"बाईंनी माफी मागायची नाही," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की माइकवाल्यानं वळून बघितलं. "बाईंची काही चूक नाही. तिथं बावखल होतं."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नाही.

मग त्यानं सांगितलं. अडखळत, मधेच थांबत. बावखल म्हणजे काय, ते कुठं होतं, लांबी-रुंदी किती, कुठल्या दिशेनं पाणी यायचं. बोलता बोलता पडद्यापाशी गेला आणि लाल प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "हे. इथं. ते मी भरलं. पाणी तिथंच येणार. ते दुसरीकडे कुठं जाईल?"

हर्षवर्धन साहेब रजिस्टरची जुनी पानं उलटत होते. सापडलं त्यांना. "पण व्हिन्सेंट, इथं तर 'खड्डा' लिहिलंय. तुम्हीच म्हणाला होतात."

"मीच म्हणालो, साहेब. लोक हसले म्हणून म्हणालो. मला ठाऊक होतं ते बावखल आहे. आणि बाईंनी मला विचारलं होतं, झाडांमुळे पाणी येतं का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. तेही मला ठाऊक होतं."

व्हिन्सेंट वाट बघत होता. कुणीतरी उठावं, चार शिव्या हासडाव्यात, शाल काढून घ्यावी. त्याला ते हवं होतं. पण ज्ञानदानंच टाळ्या वाजवल्या! तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "काका! तुम्हाला कळतंय का तुम्ही काय दिलंत? दोन महिने मी डोकं फोडत होते. नवीन काही करायचंच नाहीये, फक्त ते बावखल परत खणायचंय!" मग आणखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मोठं मन लागतं बोलायला," कुणी म्हणालं. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बावखल पुनरुज्जीवन, मार्गदर्शक श्री. तुस्कानो.' पाठ थोपटायला माणसं पुढे आली. पापाची कबुली दिली आणि बक्षीस मिळालं. व्हिन्सेंटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या शेजारणीची मुलगी आजारी पडली होती ती मात्र मान खाली घालून बसून होती. निदान तिला तरी कळलं होतं.

ठराव मंजूर झाला, लोक चहाकडे वळले. मनोरमाबाई जागेवरच होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. व्हिन्सेंट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, शाल खांद्यावर तशीच.

"बाई, मला माफ करा असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही घर सोडू नका. आता सगळ्यांना कळलंय. बावखल झालं की पाणी घरात यायचं नाही. तुमची झाडं मी परत लावून देईन."

"शुक्रवारी सही केली मी," बाई म्हणाल्या.

त्याला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. गुरुवारी तो त्यांच्या दाराशी उभा होता.

"मोडता येत नाही का, बाई?"

"घेणाऱ्यांनी त्यांचं घर विकलंय. त्यांना मी काय सांगू?" बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "सहा वर्षं मी जिन्यात भिंतीला चिकटून चालले. तुम्ही बघत होतात ना?"

"हो, बाई. बघत होतो."

"हं."

पलीकडे कपबशा वाजत होत्या. बाईंनी पर्स उघडली, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर लावला. व्हिन्सेंट निघावं की थांबावं ते न कळून उभा होता. मग बाईंनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. "बसा. मला एक सांगा. मी आले त्याच्या आधीच ते भरलं होतं तुम्ही, मी काही बघितलं नाही. माझ्या खिडकीतून दिसलं असतं का ते?"

"अगदी खिडकीखाली आलं असतं, बाई."

"कसं होतं?"

तो बसला. हात मांडीवर ठेवले. सांगितलं की पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं, पण काठ ओलांडून कधी आलं नाही. काठावर भेंडीचं झाड होतं. सकाळी त्याची फुलं पिवळी असायची, संध्याकाळपर्यंत तांबडी होऊन पाण्यात पडायची. खंड्या फांदीवर बसायचा आणि एकदाच सूर मारायचा, पण कधी रिकाम्या चोचीनं वर आला नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जायचं तेव्हा तळाशी गाळ दिसायचा, काळाभोर आणि मऊ, पाय घातला तर घोट्यापर्यंत थंडावा. त्या गाळावर केळ अशी यायची की घड पेलायला टेकू द्यावा लागायचा. आणि आजूबाजूच्या चार वाड्यांच्या विहिरी त्याच्यामुळे गोड्या होत्या, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. वाडीत सगळ्यांना ते माहीतच असायचं.

मनोरमाबाईंनी त्याला मधे एकदाही थांबवलं नाही. मुलाला उत्तर पूर्ण करू द्यावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठल्या, पदर सारखा केला.

"चांगलं सांगितलंत, व्हिन्सेंट," त्या म्हणाल्या. "सभेत साहेबांनी पहिल्यांदा विचारलं होतं ना, तेव्हा एवढंच सांगायचं होतंत."